उंबरठ्याच्या दोन्ही बाजू: लॉकडाऊनमध्ये घर, श्रद्धा आणि शेजार कसा सांभाळावा

२०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, त्याच संध्याकाळी मी आमच्या इमारतीतल्या बावीस घरांची कामं अंगावर घेतली. कोणाची औषधं, कोणाचं सामान, कोणाचं बिल. दहाव्या दिवशी मीच तापाने आडवी झाले. साधाच ताप निघाला, पण तेवढ्या चार दिवसांत बावीसच्या बावीस घरांना कळेना, आता फोन कोणाला करायचा. यादी माझ्या डोक्यात होती, हिशोबही डोक्यातच होता. आणि माझ्या स्वतःच्या घरात दहा दिवस कोणी एकत्र जेवलेलं नव्हतं, हे मला अंथरुणावर पडल्यावर समजलं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय: साथीत टिकणारी सेवा कंटाळवाणी असते. तीच वेळ, तीच मोजकी घरं, तीच वही. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्या मताभोवतीच फिरतं. पुन्हा कधी दारं बंद करून बसायची वेळ आली, तर हे कोणालाही, कुठेही वापरता यावं.

पहिले दोन दिवस: वही काढा

क्वारंटीन हा शब्द चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला. १३७७मध्ये रगूसाने, म्हणजे क्रोएशियातल्या आजच्या डुब्रॉव्हनिक शहराने, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेरच थांबवायचा नियम केला; पुढे तीसाचे चाळीस झाले. सरकार सुरुवातीला दोन किंवा तीन आठवडे म्हणतं, पण साथीला तो कागद वाचता येत नाही. म्हणून घराचं नियोजन करताना मी चाळीस दिवस धरते. लवकर सुटलो तर नुकसान काहीच नाही.

चाळीस दिवस धरायचे म्हणजे चाळीस दिवसांचं सामान घरात कोंबायचं, असं मात्र नाही. तुम्ही जास्तीचं उचललेलं पाकीट शेजारच्या घरात कमी पडतं. नेहमीपेक्षा आठवडा-दोन आठवडे जास्त पुरेल एवढं पुरे. औषधांना हा नियम लागू नाही. रोजची औषधं डॉक्टर लिहून देतील तितक्या जास्त दिवसांची आणून ठेवावीत.

वहीच्या पहिल्या पानावर या गोष्टी लिहा:

१. घरातल्या प्रत्येकाचं रोजचं औषध, त्याची मात्रा, आज शिल्लक असलेल्या गोळ्या आणि त्या कधी संपणार ती तारीख. सात दिवसांच्या उरल्या की मागवायच्या.

२. कोणाला जास्त धोका आहे: वय झालेलं माणूस, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, गरोदर बाई.

३. कोणी आजारी पडलं तर कुठल्या खोलीत झोपणार, आणि त्याची सेवा कोण एक जण करणार.

४. घर चालवणारं माणूसच आजारी पडलं तर मुलं कोणाकडे, बिलं कोण भरणार, किल्ली कोणाजवळ.

५. फोन नंबर: डॉक्टर, अ‍ॅम्ब्युलन्स, औषधाचं दुकान, दोन शेजारी, बाहेरगावचा एक नातेवाईक.

हे सगळं कागदावरच हवं. माणूस दवाखान्यात जाताना फोन सोबत घेऊन जातो, आणि घरी राहिलेल्यांना एकही नंबर पाठ नसतो.

बातम्यांचं काम एकाच माणसाकडे द्या. त्याने सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघायचं आणि घराला जेवढं लागू आहे तेवढंच सांगायचं: दुकानं कधी उघडी, परवाना लागतो का, नियम कुठल्या तारखेपासून. फॉरवर्ड होऊन आलेल्या आदेशावर तारीख आणि खातं दिसत नसेल, तर तो पुढे पाठवायचा नाही. काका रागावले तरी नाही.

घराची घडी

पूर्ण दिवसाचं रंगीत वेळापत्रक मीही भिंतीला लावलं होतं. चौथ्या दिवशी त्यावर कोणीतरी मिशा काढल्या. त्यातून टिकल्या त्या फक्त तीन खुंट्या: उठायची वेळ, दिवसातून एक एकत्र जेवण आणि दिवा मालवायची वेळ. बाकीचं पुढेमागे झालं तरी चालतं. या तीन ढळल्या की आठवड्याभरात घर रात्री जागं आणि दिवसा झोपलेलं होतं.

जागेची वाटणी खोलीने करण्यापेक्षा वेळेने करा. एकाच खोलीत पाच जण राहत असतील तरी सकाळी नऊ ते अकरा शांतता, चार ते पाच दंगा, असं ठरवता येतं. शिवाय प्रत्येकाला दिवसातून अर्धा तास असा द्या की त्याच्याशी कोणी बोलणार नाही. खिडकीपाशी खुर्ची घेऊन पाठ करून बसलं तरी ते एकांतच. आमच्या घरात या अर्ध्या तासाची सगळ्यात जास्त गरज सासूबाईंना होती आणि तो मागायचा संकोचही त्यांनाच होता. तेव्हा मागायची वाट न बघता वाटून टाकलेलं बरं.

घरकामाची यादी करताना दिसणारी कामं सगळ्यांना आठवतात: भांडी, केर, कपडे. न दिसणारी लिहायची राहतात. उद्या काय करायचं याचा विचार, कुठलं सामान संपत आलं याचं भान, म्हाताऱ्यांना औषधाची आठवण, मुलांच्या ऑनलाइन वर्गाची लिंक शोधणं. ती लिहून काढली की बहुतेक घरांत एकाच बाईच्या नावापुढे गर्दी दिसते. यादी समोर आली की वाद न घालताही दोन-चार ओळी दुसऱ्यांच्या नावावर सरकतात. निदान आमच्याकडे तरी सरकल्या.

मुलांच्या बाबतीत अपेक्षा आधीच खाली आणा. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २०२०च्या वसंतात, शाळा सर्वाधिक बंद असताना, १९०हून अधिक देशांतली सुमारे १६० कोटी मुलं-मुली वर्गाबाहेर होती. तुमचं मूल एकटं मागे पडलेलं नव्हतं. रोज एक तास वाचन आणि थोडं गणित एवढं नेमाने झालं तर पुष्कळ. भीतीबद्दल मुलांनी विचारलं तर खरं सांगा, पण त्यांच्या मापाचं: आजार कसा पसरतो, आपण काय करतोय, आणि आजी आजारी पडली तर आपण काय करणार. 'काही होणार नाही' असं वचन देऊ नका. काही झालं तर मूल पुढचं काहीच खरं मानणार नाही.

भांडणं होणारच. आमच्याकडचा नियम एवढाच होता की रात्री नऊनंतर पैशाचा आणि माहेर-सासरचा विषय काढायचा नाही. पण भांडण वेगळं आणि मारहाण वेगळी. एप्रिल २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी जगभरच्या सरकारांना घरातल्या हिंसेबद्दल आवाहन केलं, कारण अनेक बायकांसाठी सगळ्यात धोक्याची जागा त्यांचं स्वतःचं घर ठरत होतं. दारं बंद असताना मारणारा आणि मार खाणारी एकाच छताखाली अडकतात. असं कोणाच्या बाबतीत वाटलं तर फोनवर थेट विचारू नका. फोन स्पीकरवर असू शकतो, शेजारी तोच बसलेला असू शकतो. हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल असं विचारा: 'आता बोलता येईल का?' 'मी उद्या दहाला फोन करू?' एक साधा संकेतशब्द ठरवा. मदत क्रमांकाचा मेसेज तिच्या फोनवर पाठवू नका, तो वाचला जातो. जीवावर बेतलं असेल तर मात्र संकेताची वाट न बघता पोलिसांना कळवा.

श्रद्धा: काय सोडायचं, काय धरायचं

देवळं, मशिदी, चर्च, गुरुद्वारे बंद झाले तेव्हा अनेकांना ते अपमानासारखं वाटलं. मलाही थोडं वाटलं. नंतर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीतल्या एका गायनवृंदाची हकिगत वाचली. १० मार्च २०२०ला त्यांचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण आले होते, त्यांतल्या एकाला सर्दीची लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत त्याच्यासह ५३ जण आजारी पडले किंवा तसे धरले गेले, आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद जागा, मोठा श्वास, मोकळा आवाज आणि भरपूर वेळ: सामूहिक प्रार्थनेत जे जे सुंदर असतं, नेमकं तेच श्वासातून पसरणाऱ्या आजाराला हवं असतं. हे कळल्यावर बंद दारांचा राग बराच कमी झाला.

श्रद्धावंतांनी थांबायचं ठरवलं, असं पूर्वीही घडलंय. १६६५मध्ये इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या ईम या गावात प्लेग शिरला. तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे, मतभेदांमुळे पदावरून दूर केलेले थॉमस स्टॅनली या दोघांनी वैर बाजूला ठेवून १६६६च्या जूनमध्ये गावाला एक गोष्ट पटवली: गाव सोडायचं नाही, म्हणजे आजार आजूबाजूच्या गावांत जाणार नाही. चर्चला कुलूप लागलं. प्रार्थना उघड्या घळीत होऊ लागली आणि कुटुंबं एकमेकांपासून अंतर ठेवून उभी राहू लागली. आजूबाजूचे लोक सीमेवरच्या दगडापाशी अन्न ठेवून जात. गावकरी त्याच दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी टाकत, असं सांगतात. सुमारे २६० माणसं दगावली, मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही. साडेतीनशे वर्षांपूर्वी, जंतू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसताना, मोकळी हवा, अंतर आणि दारात ठेवलेलं सामान या तीनही गोष्टी त्यांना सुचल्या होत्या.

आणि २०२०मध्ये मोठमोठ्या परंपरांनीही तेच केलं. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते. आदल्या वर्षी सुमारे २५ लाख यात्रेकरू आलेल्या हजला त्या वर्षी फक्त सौदी अरेबियात आधीपासून राहणाऱ्या मोजक्या लोकांना परवानगी मिळाली. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका बसने पंढरपूरला गेल्या. एवढ्यांचं थांबून चाललं, तर आपल्या गल्लीतल्या कार्यक्रमाचंही चालेल.

आता घरातलं. उपासना कशी बसवावी, याचा क्रम असा:

आधी लांबी ठरवा, आणि ती लाज वाटेल इतकी कमी ठेवा. दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यातला उत्साह तासभर बसवतो आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच बंद पडतं. एकत्र जेवणाला जोडून वेळ ठेवलीत तर वेगळी हाकाटी करावी लागत नाही.

मग आळीपाळी लावा. एक दिवस आजोबा, एक दिवस नात. ज्याची पाळी त्याने ठरवायचं: वाचन, गाणं, जप की नुसतं शांत बसणं. आमच्या धाकट्याने त्याच्या पाळीला दिवसभरात ज्यांनी आपलं काम केलं त्यांची नावं घ्यायला लावली. कचरा नेणारे, नर्स, वीज खात्यातली माणसं. ते पुढे रोजचंच झालं.

घरात न मानणारा कोणी असेल तर त्याला ओढू नका. त्याला त्या दहा मिनिटांत बाळ सांभाळायला द्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्यांना फोन करायला सांगा. माझ्या दृष्टीने ती उपासनाच आहे, पण हे त्याला सांगू नका.

ऑनलाइन सामूहिक प्रार्थनेत एक तांत्रिक अडचण हमखास येते. व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो, म्हणून सगळे एकसुरात म्हणू लागले की गोंधळ माजतो. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी माइक म्यूट करून आपापल्या घरी साथ द्यायची. ज्यांना व्हिडिओ जमत नाही त्यांच्यासाठी एक फोन नेहमीच्या कॉलवर जोडून स्पीकरजवळ ठेवला तरी भागतं. आणि शेवटची पाच मिनिटं सगळ्यांचे माइक उघडा. बरेच जण त्या कलकलाटासाठीच आलेले असतात.

उपवास करायचा तर मधुमेही, गरोदर आणि आजारी माणसांनी डॉक्टरांना विचारूनच. मंतरलेलं पाणी, काढे, ताईत यांचं ज्याचं त्याने ठरवावं. मात्र त्यांच्या भरवशावर गोळी चुकवायची नाही आणि दवाखान्यात जायला उशीर करायचा नाही. इतकं बोलायचा अधिकार घरातल्या प्रत्येकाला असावा, लहानांनाही.

शेजार: लहान वर्तुळ, ठरलेली वेळ

मार्च २०२०मध्ये ब्रिटनच्या आरोग्य सेवेने स्वयंसेवक हवेत असं सांगितलं आणि काही दिवसांतच साडेसात लाखांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांतल्या कित्येकांना कामच मिळालं नाही, कारण मदत करणारा आणि मदत हवी असणारा यांची गाठ घालून देणं हेच खरं अवघड काम असतं. तुमच्या मजल्यावर, गल्लीत ती गाठ आधीच पडलेली असते. तेच वापरायचं.

एका माणसाने आठ ते दहा घरं घ्यावीत, त्याहून जास्त नाही. बावीस घरं मी घेऊन पाहिली आहेत. आणि प्रत्येक दहा घरांमागे दोन माणसं हवीत. एक आजारी पडलं की वही दुसऱ्याकडे जाते.

पहिलं पाऊल म्हणजे दाराखालून सरकवायची चिठ्ठी. व्हॉट्सॲप ग्रुपवर जे नाहीत तेच बहुधा सगळ्यात अडचणीत असतात: एकटं राहणारं म्हातारं माणूस, नवीन भाडेकरू, ऐकू न येणारे, दुसरी भाषा बोलणारे, रोजंदारीवरचे. चिठ्ठीवर तुमचं नाव, घर, फोन नंबर, फोन करायची वेळ आणि तुम्ही काय काय करू शकता एवढंच लिहा. 'कसलीही मदत' असं लिहू नका. औषधं आणेन, सामान आणेन, बिल भरेन, रोज फोन करेन, असं मोजून लिहा.

दुसरं पाऊल प्रश्न विचारण्याचं. 'काही लागलं तर सांगा' या वाक्याने आजवर कोणाचं काही आलेलं नाही. त्याऐवजी असं विचारा: 'आजी, उद्या सकाळी मी दुकानात जातेय. तुमच्या बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?' किंवा 'काका, दोन पिशव्या आणायला जागा आहे, एक तुमची. काय काय लिहू?' मागायला लागलं नाही की संकोच निम्मा होतो.

तिसरं पाऊल वही. प्रत्येक घराला एक पान: कोण राहतं, औषधं कधी संपतात, कोणाला कळवायचं, पैसे किती घेतले, किती परत दिले. रोजच्या फोनसमोर फक्त एक खूण. पैशाच्या बाबतीत माझा नियम कडक आहे: पावती पिशवीतच, सुट्टे पैसे पाकिटात, आणि ओळखीचं घर असलं तरी आकडा लिहायचाच. आमच्याकडे एका घराशी दोनशे ऐंशीचा घोळ झाला होता आणि तो निस्तरायला लॉकडाऊनपेक्षा जास्त दिवस लागले. दुसऱ्याचं एटीएम कार्ड आणि पिन मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घ्यायचा नाही.

सामान पोहोचवताना आत जायचं नाही. पिशवी दारात ठेवा, बेल वाजवा, चार पावलं मागे या, दार उघडलं की दोन मिनिटं मास्क लावून बोला. ती दोन मिनिटं वाचवू नका. समोरच्याला कधीकधी पिशवीपेक्षा त्यांचीच जास्त गरज असते. बाहेरून आल्यावर हात साबणाने निदान वीस सेकंद धुवा. साबण-पाणी नसेल तिथे किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर. २०२०मध्ये आम्ही प्रत्येक पाकीट पुसत बसायचो. श्वासातून पसरणाऱ्या त्या आजारात बंद खिडक्यांचा धोका पाकिटांपेक्षा कितीतरी मोठा होता, हे उशिरा उमगलं. पुढची साथ वेगळ्या वाटेने पसरणारी असू शकते. म्हणून आधी विचारायचा प्रश्न एकच: हा आजार पसरतो कसा? उत्तर श्वास, पाणी, डास की स्पर्श, यावरून बाकीचं सगळं ठरतं.

रोजचा फोन ठरल्या वेळीच करा. उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा. तोही नाही तर दारावर जा. तिथेही उत्तर नाही तर वहीतल्या नातेवाइकाला फोन, मग ज्याच्याकडे किल्ली आहे तो, मग पोलीस किंवा अ‍ॅम्ब्युलन्स. हा क्रम त्या माणसाला आधीच सांगून त्याची संमती घेतलेली असावी.

फोटो काढू नका. मदत घेणाऱ्याचा तर नाहीच, पिशव्यांच्या रांगेचाही नाही. देणगीदारांना हिशोब हवा असतो, तो आकड्यांत द्या. आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या बाई, चालक, माळी यांचा पगार थांबवून गल्लीत अन्नवाटप करणाऱ्यांना मी तरी सेवक म्हणणार नाही. पहिला शेजारी तो, ज्याचं पोट आपल्या पगारावर आहे.

घरात आजार शिरला तर

आजाऱ्याला वेगळी खोली, खिडकी उघडी, दार बंद. एकच खोली असेल तर खिडकीजवळची जागा त्याची. बाकीच्यांनी शक्य तितकं लांब झोपायचं आणि सगळ्यांनी मास्क लावायचा. सेवा एकानेच करावी, शक्यतो धडधाकट माणसाने. ताटवाटी, टॉवेल वेगळे. स्वच्छतागृह एकच असेल तर आजाऱ्याने शेवटी वापरायचं, आणि नंतर पुसून घेऊन हवा खेळू द्यायची.

पुसायला ब्लीच वापरत असाल तर पाच टक्के तीव्रतेच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे ४९ भाग हे प्रमाण पुरतं. रोज ताजं करा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं दुसरं क्लीनर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

कोविडसारखा फुप्फुसांचा आजार असेल तर ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं छोटं यंत्र, कामाचा आहे, पण नीट वापरला तर. पाच मिनिटं शांत बसायचं, हात गार असतील तर चोळून गरम करायचे, नेलपॉलिश काढायची, बोट न हलवता आकडा स्थिर होऊ द्यायचा. दिवसातून तीनदा, वेळेसह लिहून ठेवायचं. आकडा ९४च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन. ९०च्या खाली असेल तर तातडीने दवाखाना. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा. धाप लागणं, छातीत सतत दुखणं किंवा दाब येणं, गोंधळल्यासारखं वागणं, जागं न होणं, ओठ निळे किंवा राखाडी पडणं: यांतलं एकही दिसलं की मोजत बसायचं नाही.

शेजाऱ्यांनी या काळात काय करायचं? कचरा कसा न्यायचा ते विचारून घ्या, जेवणाची आळीपाळी लावा, आणि जिन्यात कुजबुज करू नका. बाधित घर आपणहून आजार सांगतं तेव्हा त्यांचे आभार माना. ज्या इमारतीत त्यांना वाळीत टाकलं जातं, तिथे पुढचं घर ताप लपवतं.

कोणी गेलं तर

हे लिहायला जड जातं, पण यादीत हवं.

२०१४मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मृतदेहाला अंघोळ घालणं, स्पर्श करणं यातून अनेकांना लागण झाली. नुसती बंदी घातल्यावर लोक गुपचूप अंत्यविधी करू लागले. मग आरोग्य यंत्रणांनी ख्रिस्ती आणि मुस्लिम धर्मप्रमुखांना सोबत बसवलं. काय करता येणार नाही यापेक्षा काय करता येईल ते ठरलं: कुटुंबाने लांबून पाहावं, प्रार्थना म्हणावी, मृताची एखादी वस्तू सोबत ठेवायला द्यावी. संरक्षक पोशाखातली माणसं घरात शिरण्याआधी कुटुंबाशी बोलू लागली. बंदीने जे साधलं नव्हतं ते मग साधू लागलं.

आपल्या घरी वेळ आली तर तुमच्या परंपरेतल्या जाणत्या माणसाला एवढंच विचारा: यातलं लांबून काय होऊ शकतं, आणि नंतर काय करता येईल? बहुतेक परंपरांत अडचणीच्या काळासाठी वाट असते. अंत्यविधीला किती माणसं चालतात ते आधी विचारून घ्या. एकाने फोनवरून बाकीच्यांना दाखवायचं, पण ज्यांना बघायचं नाही त्यांना सक्ती नाही. शेजाऱ्यांपैकी एकाने कागदपत्रं, एकाने जेवण, एकाने फोन करणं वाटून घ्यावं.

आणि एक तारीख वहीत लिहा, दोन-तीन महिन्यांनंतरची. सुरुवातीला सगळ्यांचे फोन येतात. त्या तारखेला कोणाचाच येत नाही. तेव्हा तुम्ही करा.

खाडा आणि शेवट

आठवड्यातून एक दिवस वही दुसऱ्याकडे द्यायची. झेपत नाही तेव्हा नव्हे, ठरलेल्या वारी. झोप उडाली, कोणी गोळ्यांची यादी पाठवली तरी चिडचिड होऊ लागली, घरच्यांशी फक्त कामाचंच बोलणं उरलं, की आणखी दोन दिवस काढायचे. प्रार्थना करणाऱ्यांना वाटतं, थकवा म्हणजे श्रद्धा कमी पडली. बहुतेक वेळा झोप कमी पडलेली असते.

नियम सैल होतात तेव्हा सेवा हळूहळू सोडवायची. एकेका घराला विचारा, आता काय नको? ज्यांना अजून लागणार आहे ती दोन-तीन घरं बाकी राहतात. ती कोणाकडे जाणार ते नावानिशी ठरवा. उरलेले पैसे परत करा, किल्ल्या परत करा आणि दोन्हींची पोच घ्या.

मग वहीतली माणसांची पानं फाडून नष्ट करा. कोणाला कुठला आजार आहे, कोणाकडे किती पैसे नव्हते, कोणी रडत काय सांगितलं, हे सगळं तुमच्याकडे विश्वासाने आलेलं असतं आणि ते ठेवून घ्यायचं नसतं. माझ्या वहीचं फक्त पहिलं पान उरलंय, नावांशिवाय, नुसत्या मथळ्यांचं: औषध, मात्रा, शिल्लक, तारीख. ते घडी करून औषधांच्या डब्यात ठेवलंय, थर्मामीटरच्या खाली.